सहाशे फिल्स किलो

सतरा किलो भरली जुबेदा मुकादम यांची
एकंदर साहित्यिक कारकीर्द.
कार्गोवाल्या पोराने आकडा खोक्यावर लिहिला,
विचारलं, आत काय आहे?
कपडे लिव्ह, मावशी म्हणाल्या,
कपड्यांवर कस्टमवाले हसत नाहीत.

गुदैबियातली तिसऱ्या मजल्यावरची ही खोली.
एसीच्या पाण्याखाली बादली,
आणि त्या टपटपीत लिहिलेल्या अकरा कुमार कादंबऱ्या.
दिवसा बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब,
रात्री त्याच दुकानाच्या बाद खातेवह्यांत
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
आणि मधली रेघ ओलांडून पळत सुटलेलं
कुणीतरी तेरा वर्षांचं.

पुस्तकं निघायची तिकडे.
वाईची, अकोल्याची पोरं
प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्रं टाकायची:
तुमच्या समुद्राला खरंच लाटा नसतात का?
इथली आम्ही मात्र
बोट ठेवून वाचायचो देवनागरी,
जोडाक्षर आलं की उडी मारून पुढे.
म्हणून मावशींच्या पुस्तकांत जोडाक्षरं कमी.
परीक्षणं लिहिणारे त्याला
शैलीचा साधेपणा म्हणाले.

चौथ्या पुस्तकातली गार्गी मी आहे.

बाबांची नोकरी गेलेली,
पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
आणि मला सवय लागलेली
रात्री गच्चीवर डिश अँटेनांमध्ये उभं राहायची,
कठड्याच्या जरा जास्तच जवळ.
एकदा मावशी वाळलेली ओढणी काढायला आल्या.
विचारलं काहीच नाही.
साफी तळलीय, म्हणाल्या,
काटे फार, सावकाश खावी लागेल.
मी दोन तास खात होते.
त्या दोन तासांत काय काय बोलले
ते मला पुस्तकातूनच कळलं.

कारण दीड वर्षाने पुस्तक आलं.
गार्गीच्या बाबांना पासपोर्ट मिळतो,
पान एकशे अठ्ठावीस.
माझ्या बाबांना मिळाला त्यानंतर आणखी दोन वर्षांनी,
तेव्हा गावाकडे आजीचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

मी मावशींशी बोलणं टाकलं.
जिन्यात समोर आल्या की चपलांकडे बघायची.
मनात म्हणायची चोर.
वरून खोटारडी.
शाळेत मराठीच्या बाईंनी तेच पुस्तक वाचायला दिलं
तर मी पान एकशे अठ्ठावीस फाडून
डब्यातल्या लोणच्याखाली ठेवलं होतं.

आता मी चौतिशीची, सलमानिया भागात फिजिओथेरपिस्ट.
मावशी साठीच्या, व्हिसा संपलेला.
दुकानाने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं,
ते त्यांनी वॉचमनला दिलं.
बांधाबांधीला कुणी नव्हतं, म्हणून मी.

कपाटाच्या तळाशी ती वही निघाली.
गार्गी अजून गार्गी झालेली नव्हती,
माझ्याच नावाने वावरत होती, माझ्याच चपलांत.
आणि पासपोर्ट मिळत नव्हता.
सात वेळा लिहिलंय, सातही वेळा मिळत नाही.
प्रत्येकाखाली हिरव्या शाईत तारीख.
एक माझ्या वाढदिवसाची होती, त्यावरून लक्षात आलं:
बाबा ज्या ज्या दिवशी लेबर ऑफिसमधून
रिकामे जिना चढले,
त्या त्या रात्री मावशींनी प्रकरण
पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं होतं.

आठव्यांदा मिळतो.
तिथे तारीख नाही.

मी वही धरून उभी.
मावशी चिकटपट्टीचं टोक शोधत होत्या,
नखाने, चष्मा कपाळावर.
ती नको टाकू खोक्यात, म्हणाल्या, वजन वाढतं.
मग टोक सापडलं, पट्टी करकरत निघाली,
तिच्या आवाजात म्हणाल्या की नाही कुणास ठाऊक,
मला ऐकू आलं ते असं:
जोडाक्षरं नीट वाच गो आता.

सतरा किलोंत ती वही धरलेली नाही.